स्कॅफॉइड जुळलंच नाही, तर शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २८, उजवा हात कामाचा. सव्वा वर्षापूर्वी बाइक घसरून तळहातावर पडणं झालं. तेव्हाच्या एक्स-रेत काही दिसलं नाही, 'मुरगळलंय' म्हणून क्रेप बँडेज आणि गोळ्या मिळाल्या. आता गाडी मेन स्टँडवर घेताना आणि जोर मारताना मनगट दुखतं. सीटी स्कॅनमध्ये स्कॅफॉइड हे मनगटातलं लहान हाड मध्यावर तुटलेलं, न जुळलेलं आणि वाकलेलं दिसतंय. एमआरआयच्या रिपोर्टात एका तुकड्याचा रक्तपुरवठा कमी असल्याची शंका लिहिली आहे. एक डॉक्टर कमरेच्या हाडाचा तुकडा घालून स्क्रू बसवू म्हणतात, दुसरे रक्तवाहिनीसकट हाड लावावं लागेल म्हणतात, तिसरे सोसवत असेल तर राहू द्या म्हणतात. यातलं खरं काय?

तिसऱ्या सल्ल्याशी मी या वयात सहमत नाही, कारण पुढे येईलच. पहिल्या दोघांतलं कोण बरोबर, हे बऱ्याचदा मनगट उघडून हाडाकडे पाहिल्यावरच ठरतं. आणि एक गोष्ट आधीच सांगतो. लोक याला 'स्क्रूचं ऑपरेशन' म्हणतात, पण स्क्रू बसवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. बाकीचा सगळा वेळ मेलेलं हाड खरवडण्यात, वाकलेलं हाड सरळ करण्यात आणि गेलेली लांबी भरून काढण्यात जातो. हा भाग नीट झाला नाही, तर स्क्रू कितीही महाग असो, तो सैल पडतो.

अंगठा ताठ ताणला की मनगटाच्या बाहेरच्या बाजूला जो खळगा पडतो, तपकीर ओढणारे ज्यात तपकीर ठेवत, त्याच्या तळाशी हे हाड असतं. लांबी जेमतेम २५ ते ३० मिलिमीटर, आकार काजूसारखा. मनगटात आठ लहान हाडं दोन ओळींत बसलेली असतात आणि स्कॅफॉइड या दोन्ही ओळींना जोडून ठेवतं. म्हणून त्यावर सतत वाकवणारा ताण येतो. त्याचा सुमारे ८० टक्के पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला आहे, त्यामुळे रक्तवाहिन्या शिरायला जागा फार थोडी उरते. नाडी जिथे पाहतात त्या रेडियल धमनीच्या शाखा हाडाच्या पाठीमागच्या कंगोऱ्यातून आत जातात आणि तिथून उलट्या दिशेने, म्हणजे कोपराकडे, रक्त नेतात. हाडाच्या ७० ते ८० टक्के भागाची भिस्त याच शाखांवर. मध्यावर तुटलं की कोपराकडच्या तुकड्याचं रक्त कमी होतं आणि अगदी टोकाशी तुटलं तर तो तुकडा जवळपास उपाशीच राहतो.

जुळण्याच्या वाटेत आणखी अडचणी आहेत. या हाडावर मांडीच्या किंवा नडगीच्या हाडासारखं जाड आवरण नाही, त्यामुळे बाहेरून नवीन हाडाची गाठ धरत नाही. जुळायचं ते तुकड्याला तुकडा टेकून, आतल्या आत. फट १ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा तुकडे एकमेकांवर हलत असतील, तर सांध्यातलं पाणी त्या फटीत खेळत राहतं आणि हाडाऐवजी तंतूंचा पडदा तयार होतो. पहिले चार आठवडे हात बांधलाच गेला नाही तर ही शक्यता आणखी वाढते. पहिल्या एक्स-रेत हे फ्रॅक्चर न दिसणं अगदी नेहमीचं आहे. म्हणूनच त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर एक्स-रे 'नॉर्मल' असला तरी प्लास्टर घालून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फिल्म काढायची किंवा लगेच एमआरआय करायचा, असा नियम आहे. क्रेप बँडेजने किंवा हाडवैद्याच्या लेपाने हे हाड स्थिर होत नाही.

आता 'राहू द्या' या सल्ल्याबद्दल. न जुळलेल्या स्कॅफॉइडचे दोन तुकडे वेगवेगळ्या मालकांचं ऐकतात. कोपराकडचा तुकडा शेजारच्या ल्युनेट या हाडाशी अस्थिबंधाने घट्ट बांधलेला असतो, तो ल्युनेटबरोबर मागे कलतो. अंगठ्याकडचा तुकडा पुढे, तळहाताच्या दिशेने वाकतो. मधे कुबड येतं. तळहाताच्या बाजूचं हाड घासून झिजतं आणि तिथे पाचरीच्या आकाराची पोकळी पडते. मग अंगठ्याकडचा तुकडा रेडियसच्या, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंत येणाऱ्या अंगठ्याकडच्या हाडाच्या, टोकाशी घासायला लागतो आणि कूर्चा जायला सुरुवात होते. झीज ठरलेल्या क्रमाने पुढे सरकते. आधी रेडियसचं अंगठ्याकडचं टोक, मग स्कॅफॉइड आणि कॅपिटेट (मनगटाच्या मधोमधचं हाड) यांच्यामधला सांधा, नंतर कॅपिटेट आणि ल्युनेट यांच्यामधला. रेडियस आणि ल्युनेट यांच्यातला सांधा मात्र बहुतेक वेळा शेवटपर्यंत शाबूत राहतो, याचा उपयोग पुढे होतो. १९८४ आणि १९८५ साली अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या, रुग्णांच्या दोन मालिकांमध्ये, पाच-दहा वर्षं उलटलेल्या बहुतेक रुग्णांत ही झीज आढळली होती. त्यात प्रामुख्याने दुखतंय म्हणून आलेले लोक होते, हे खरं. तरीही २८ व्या वर्षी, कूर्चा शाबूत असताना, हाड जुळवून घेण्याची संधी सोडणं शहाणपणाचं नाही. सत्तरीतल्या, फारसं दुखत नसलेल्या माणसाला मी स्वतःही राहू द्या म्हणेन.

शस्त्रक्रिया कोणती, हे चार गोष्टींवर ठरतं: कुठे तुटलंय, किती वाकलंय, कोपराकडचा तुकडा जिवंत आहे का, आणि कूर्चा किती उरली आहे. यासाठी सीटी स्कॅन साध्या मनगटाच्या पातळीत कापून चालत नाही. स्कॅफॉइडच्या लांब अक्षाला धरून, अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचे काप काढायला रेडिओलॉजिस्टला चिठ्ठीवर लिहून द्यावं लागतं. तसं न लिहिल्यामुळे सीटी पुन्हा काढावा लागलेले रुग्ण कमी नाहीत. त्या कापांवर कुबडाचा कोन मोजतात. निरोगी हाडात तो २५ अंशांच्या आसपास असतो. ४५ च्या वर गेला तर नुसतं हाड जुळून भागत नाही, ते वाकडं जुळलं तर मनगट पूर्ण मागे वळणार नाही. बाजूच्या एक्स-रेवर ल्युनेट किती मागे कललंय तेही पाहतात, १५ अंशांपेक्षा जास्त असेल तर ते दुरुस्त करावं लागतं. दुसऱ्या, चांगल्या हाताचा एक्स-रे जरूर काढायचा. मूळ लांबी किती होती हे फक्त तोच सांगतो.

एमआरआयच्या रिपोर्टातल्या 'रक्तपुरवठा कमी' या शब्दांनी घाबरून जाऊ नका. साध्या एमआरआयवर काळा दिसणारा तुकडा प्रत्यक्षात मेलेलाच असतो असं नाही. कॉन्ट्रास्ट देऊन केलेला एमआरआय जरा जास्त सांगतो, पण खरी परीक्षा टेबलावर होते. तुकड्याची कापलेली बाजू खरवडायची, टुर्निके, म्हणजे रक्त रोखून धरणारा दंडावरचा पट्टा, सोडायचा आणि रक्ताचे बारीक ठिपके उमटतात का ते पाहायचं. डेव्हिड ग्रीन या अमेरिकन शल्यविशारदाने १९८५ साली याच निकषावर निकाल मांडले. ठिपके भरपूर असतील तर जवळपास सगळे जुळले, अजिबात नसलेल्या पाच जणांपैकी एकाचंही जुळलं नाही. त्या काळी स्क्रू न लावता ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून काढलेलं हाड, घालायची पद्धत होती, हे लक्षात ठेवायला हवं. आजच्या घट्ट स्क्रूने, साध्या ग्राफ्टनेही, असे बरेच तुकडे जुळतात. म्हणून रक्तवाहिनीसकट हाड प्रत्येकाला लावण्याची घाई मला पटत नाही.

अगदी सोपा प्रकार आधी बाजूला काढू. फट एक-दोन मिलिमीटरची, आकार शाबूत, तुकडे तंतूंनी घट्ट धरलेले, रक्तपुरवठा ठीक. अशा वेळी पाच-सात मिलिमीटरच्या छेदातून नुसता स्क्रू घातला तरी हाड जुळतं. तुमच्या सीटीत कुबड आहे, म्हणून हा मार्ग तुमच्यासाठी नाही. कुबड तसंच ठेवून स्क्रू घातला तर वाकडं हाड कायमचं पक्कं होतं.

कुबड असलेल्या, मध्यावरच्या न जुळलेल्या हाडासाठी तळहाताच्या बाजूने जातात. हाताला बगलेतून किंवा गळपट्टीच्या हाडावरून सुईने भूल देतात, कमरेचं हाड घ्यायचं असेल तर सोबत पूर्ण भूल. दंडावर टुर्निके सुमारे २५० मिलिमीटर दाबावर. छेद चार-पाच सेंटिमीटरचा, मनगट वाकवणाऱ्या, अंगठ्याकडच्या ठळक कंडरेवरून सरळ खाली येऊन स्कॅफॉइडच्या उंचवट्याशी अंगठ्याच्या बुडाकडे वळणारा. कंडरेचं म्यान उघडायचं, कंडरा करंगळीच्या बाजूला सारायची. रेडियल धमनीची तळहातात जाणारी छोटी शाखा आडवी येते, ती बांधून कापतात. मग सांध्याचं आवरण. त्यात रेडियसकडून स्कॅफॉइडवरून कॅपिटेटला जाणारा एक महत्त्वाचा अस्थिबंध आहे. तो कापावा लागतो, पण टोकांना दोरे घालून ठेवायचे, कारण शेवटी शिवायचाच असतो. न शिवल्यास मनगट आतल्या बाजूला सरकण्याचा धोका राहतो. पाठीमागच्या कंगोऱ्याला हात लावायचा नाही. उरलेलं रक्त तिथूनच येतंय.

इथे एक युक्ती आहे जी नवशिके विसरतात. स्कॅफॉइड उघडण्याआधी ल्युनेट सरळ करायचं. मनगट पुढे वाकवत जायचं, सी-आर्मवर, म्हणजे टेबलाशी आणलेल्या एक्स-रे यंत्रावर, ल्युनेट रेडियसच्या रेषेत आलं की थांबायचं आणि १.६ मिलिमीटरची तार रेडियसमधून ल्युनेटमध्ये ठोकायची. आता ल्युनेट आणि त्याला बांधलेला कोपराकडचा तुकडा रेडियसशी जखडले गेले. मग मनगट मागे वळवलं की फट पुस्तकासारखी तळहाताच्या बाजूने उघडते आणि किती हाड कमी पडलंय ते डोळ्यांना दिसतं. ही तार न घालता नुसतं दोन तुकड्यांत हत्यार घालून फाकवलं तर लांबी आल्यासारखी वाटते, पण ल्युनेट मागेच कललेलं राहतं.

पुढचा टप्पा खरवडण्याचा. पांढरा तंतुमय पडदा, फटीच्या तोंडाशी झालेलं हस्तिदंतासारखं कडक हाड आणि आतल्या पोकळ्या हे सगळं क्युरेट (खरवडणी), नखासारखी नाजूक कटर आणि छोट्या छिन्नीने काढायचं, दोन्ही बाजूंना जाळीदार, लालसर हाड लागेपर्यंत. वेगाने फिरणारं, हाड घासणारं यंत्र (बर) वापरलंच तर सलाइनची धार सोडत, कारण हाड तापलं की कडेच्या पेशी मरतात आणि आपणच नवीन मेलेलं हाड तयार करतो. पाठीमागचं कवच मात्र जमेल तितकं राखायचं. ते दरवाजाच्या बिजागरीसारखं काम करतं. अपयशी ठरलेल्या शस्त्रक्रियांच्या पहिल्या सीटीत बऱ्याचदा हेच दिसतं की स्क्रू सुंदर मधोमध आहे आणि त्याच्या भोवती जुना पडदा जसाच्या तसा आहे. कोपराकडचा तुकडा छोटा असेल तर मात्र हात आखडता घ्यावा लागतो, नाहीतर स्क्रू धरायला अंड्याचं टरफल तेवढं उरतं.

पोकळी मोजायची. तळहाताच्या बाजूला साधारण ४ ते ८ मिलिमीटर, पाठीमागे जवळजवळ शून्य. ग्राफ्टला हाच पाचरीचा आकार द्यायचा. डिएगो फर्नांडेझ यांनी १९८४ साली ही पद्धत नीट बांधून दिली, त्याआधी जेफ्री फिस्क यांनी पाचरीची कल्पना मांडली होती. म्हणून दोघांचं नाव जोडून घेतात. त्याहून जुनी पद्धत हर्मन माट्टी आणि ओटो रुस यांची, दोन्ही तुकड्यांत खोबण करून हाडाचा चुरा किंवा कांड्या ठासण्याची. कुबड नसलेल्या, नुसत्या पोकळीच्या केसमध्ये तिचा उपयोग अजूनही होतो. ग्राफ्ट कमरेच्या पुढच्या हाडाच्या कडेवरून घेतात. पुढच्या टोकापासून किमान तीन सेंटिमीटर मागे, कारण टोकाजवळून मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना देणारी नस जाते आणि ती दुखावली तर मांडी महिनोन्‌महिने बधिर राहते. करवतीने कापताना पुन्हा सलाइन. एका बाजूला कडक कवच आणि आत जाळीदार हाड असा तुकडा हवा. कवच तळहाताच्या बाजूला ठेवायचं, ताण तिथेच पेलायचा असतो. सोबत दोन-तीन सीसी जाळीदार चुरा, कडेच्या फटींसाठी.

रेडियसच्या टोकातूनही ग्राफ्ट घेता येतो, त्याच जखमेच्या जवळून. कंबर दुखत नाही, भूल हाताचीच पुरते. जुळण्याच्या बाबतीत दोन्ही ठिकाणच्या हाडांत मोठा फरक आढळलेला नाही. तरी कुबड मोठं असेल आणि कवचाचा दणकट तुकडा हवा असेल तर माझी पसंती कमरेला आहे. अलीकडे काही जण पाचर न वापरता नुसता जाळीदार चुरा घट्ट ठासून स्क्रू लावतात. आकार आधी तारांनी पक्का धरला असेल तर तेही जमतं. पण स्क्रू आवळताना चुरा दबला तर कमावलेली लांबी परत जाते. चुरा वापरणाऱ्याने दाब देण्यात संयम ठेवावा.

स्क्रू बिनडोक्याचा असतो. दोन्ही टोकांना आटे, पुढच्या टोकाच्या आट्यांचं अंतर जास्त, मागच्याचं कमी, त्यामुळे आत जाता जाता तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि पूर्ण स्क्रू कूर्चेखाली बुडतो. ही कल्पना सिडनीच्या टिमोथी हर्बर्ट यांची, १९८४ साली प्रसिद्ध झालेली. आजचे स्क्रू पोकळ आहेत, आधी सुमारे १.१ मिलिमीटरची मार्गदर्शक तार घालून तिच्यावरून बसवतात. तळहाताच्या बाजूने जाताना अंगठ्याच्या बुडाचं ट्रॅपेझियम हे हाड आडवं येतं. त्याची कड दोन-तीन मिलिमीटर कुरतडली की तार हाडाच्या मधोमध नेता येते. मधोमध हा शब्द महत्त्वाचा आहे. कडेने गेलेल्या स्क्रूपेक्षा मध्यावरचा स्क्रू जास्त भक्कम बसतो आणि हाड लवकर जुळतं.

याच वेळी दुसरी, साधारण १.२ मिलिमीटरची तार समांतर घालून ठेवायची. नाहीतर स्क्रू फिरवताना पुढचा तुकडा त्याच्याबरोबर फिरतो आणि ग्राफ्ट पुढे उडी मारतो. मोजलेल्या लांबीतून ४ मिलिमीटर वजा करायचे, दोन्ही टोकांना दोन-दोन. बहुतेक पुरुषांत स्क्रू २० ते २४ मिलिमीटरचा लागतो. मोजून आली तेवढीच लांबी घेतली तर टोक रेडियसच्या कूर्चेत घुसतं आणि मनगट हलवलं की ती कूर्चा खरवडली जाते. ड्रिल काढताना मार्गदर्शक तारही बाहेर येते, ही नेहमीची डोकेदुखी, त्यावर उपाय म्हणजे मोजून झाल्यावर तार थोडी पुढे, पलीकडच्या हाडात ठोकून ठेवणं. सगळं झाल्यावर सी-आर्मवर निदान चार कोनांतून पाहायचं, त्यात हात आतल्या बाजूला अर्धवट वळवलेला एक कोन हवाच. पाठीमागून बाहेर आलेलं टोक समोरच्या चित्रात कधीच दिसत नाही. ग्राफ्टचं बाहेर आलेलं कवच घासून सपाट करायचं, अस्थिबंध शिवायचा. ल्युनेटची तार काही जण लगेच काढतात, कुबड जुनं असेल तर सहा आठवडे ठेवतात.

हा सगळा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर २००२ सालच्या एका मोठ्या एकत्रित आढाव्यात आहे. हलणाऱ्या, न जुळलेल्या स्कॅफॉइडमध्ये पाचर आणि स्क्रू वापरल्यावर ९४ टक्के जुळले, पाचर आणि नुसत्या तारा वापरल्यावर ७७ टक्के. कोपराकडचा तुकडा मेलेला असेल तर स्क्रू आणि साध्या ग्राफ्टचं यश त्याच आढाव्यात ४७ टक्क्यांवर आलं आणि रक्तवाहिनीसकट ग्राफ्टचं ८८ राहिलं. आकडे वेगवेगळ्या, छोट्या मालिकांचे आहेत, ते तुमच्या मनगटाला जसेच्या तसे लागू करू नका.

रक्तवाहिनीसकट हाड म्हणजे दोन अगदी वेगळ्या शस्त्रक्रिया. पहिली १९९१ साली अर्जेंटिनाच्या झायडेमबर्ग यांनी वर्णन केलेली. मनगटाच्या पाठीवर, कंडरांच्या पहिल्या आणि दुसऱ्या कप्प्यांमध्ये एक केसासारखी धमनी रेडियसवर पसरलेली असते. सांध्यापासून दीड सेंटिमीटर वर, तिच्या खालचा हाडाचा ठोकळा धमनीला लटकता ठेवून काढायचा आणि स्कॅफॉइडमध्ये फिरवून बसवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली शिवण्याची गरज नाही, वेळ दोन-अडीच तास. पण हे हाड मऊ असतं, कुबड उचलून धरण्याएवढं दणकट नसतं, आणि देठाला पीळ पडला किंवा तो ताणला गेला की रक्तवाहिनी नावापुरती राहते. दुसरी म्हणजे गुडघ्याच्या आतल्या बाजूचा, मांडीच्या हाडाच्या टोकाचा तुकडा धमनी आणि शिरेसह काढून मनगटातल्या रेडियल धमनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडणं. याला चार ते सहा तास लागतात, शल्यविशारदांच्या दोन तुकड्या असल्या तर बरं, आणि केसाहून बारीक दोऱ्याने शिवणारा माणूस हवा. मेलेला तुकडा आणि कुबड दोन्ही असलेल्या रुग्णांत या दोहोंची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. मनगटाच्या देठाचा ग्राफ्ट १० पैकी ४ जणांत जुळला, गुडघ्याचा १२ पैकी १२ जणांत. तेव्हापासून कुबड असेल तर मनगटाच्या पाठीवरचा लटकता ग्राफ्ट बहुतेकांनी बाजूला ठेवला.

म्हणून तुमच्या बाबतीत माझा क्रम असा. फ्रॅक्चर मध्यावर आहे, पहिलीच शस्त्रक्रिया आहे, सव्वाच वर्षं झालंय. तळहाताकडून जाऊन खरवडावं, टुर्निके सोडून पाहावं. थोडं जरी रक्त दिसलं तरी कमरेची पाचर आणि स्क्रू. तुकडा खडूसारखा पांढरा आणि कोरडा निघाला तर गुडघ्याचा ग्राफ्ट. त्यासाठी संमतिपत्रात आणि भुलेच्या नियोजनात ही शक्यता आधीच लिहिलेली हवी. टेबलावर झोपवल्यावर सूक्ष्मशल्यविशारद शोधत बसता येत नाही. तशी सोय नसलेल्या ठिकाणी सरळ पाचर-स्क्रू करून दुसऱ्या टप्प्याची तयारी ठेवणं हाही प्रामाणिक मार्ग आहे.

अगदी टोकाशी तुटलेल्या छोट्या तुकड्याचा रस्ता वेगळा. तिथे मनगटाच्या पाठीकडून जातात, मनगट पूर्ण वाकवून स्क्रू उलट दिशेने, अंगठ्याच्या बुडाकडे रोखून घालतात. तुकडा एवढासा असतो की स्क्रूही छोट्या व्यासाचा लागतो. तो तुकडा चुरा झालेला असेल तर जागी ठेवण्यात अर्थ नाही. मनगटातल्याच हॅमेट या हाडाचं टोक किंवा गुडघ्याचा कूर्चेसकट तुकडा घालून तो भाग नव्याने घडवतात.

तंबाखूबद्दल स्वतंत्र सांगायला हवं, कारण रुग्ण 'सिगारेट नाही ओढत' म्हणतो आणि खिशात चुन्याची डबी असते. मळलेली तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी, सगळ्यांतून निकोटिन जातं आणि या हाडाच्या केसासारख्या वाहिन्या आकसतात. निदान सहा आठवडे आधी बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंदच. सोडायला तयार नसलेल्या माणसाची मी तारीख पुढे ढकलतो. सव्वा वर्ष थांबलेलं हाड आणखी दीड महिना थांबू शकतं. कॅल्शियमच्या गोळ्या आणि 'ड' जीवनसत्त्व कमी असेल तर भरून काढावं, पण त्यांनी फट भरत नाही.

अपयश आलं तर आधी कारण शोधायचं: स्क्रू कडेला गेला का, पडदा राहिला का, तुकडा मेलेला होता का, प्लास्टर लवकर काढलं का. कारण सापडलं आणि कूर्चा चांगली असली तर पुन्हा करता येतं, बहुधा गुडघ्याच्या ग्राफ्टने. फक्त रेडियसचं टोक झिजलेलं असेल तर तेवढं टोक छाटून हाड जुळवता येतं. तीन-चार मिलिमीटरच्या पुढे मात्र छाटायचं नाही, तिथूनच कॅपिटेटकडे जाणारा तो अस्थिबंध निघतो. झीज पुढे गेली असेल तर स्कॅफॉइड जुळवण्याचा हट्ट सोडावा. मग दोन पर्याय: कोपराकडच्या ओळीतली तीन हाडं काढून कॅपिटेटला रेडियसवर बसवणं, किंवा स्कॅफॉइड काढून उरलेली चार हाडं एकमेकांना जोडणं. पहिल्यासाठी कॅपिटेटचं डोकं चांगलं हवं. दोन्हींत दुसऱ्या हाताच्या निम्मी ते साठ टक्के हालचाल आणि सुमारे ऐंशी टक्के ताकद राहते, आणि दोन्ही उभ्या आहेत त्या रेडियस-ल्युनेट बाजूच्या शाबूत कूर्चेवर, ज्याचा उल्लेख वर केला.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवसापासून बोटं पूर्ण मिटायची आणि उघडायची, दर तासाला दहा वेळा. हात छातीच्या वर. झोळीत लटकवून ठेवलेला हात सुजतो आणि बोटं आखडतात. टाके १० ते १४ दिवसांनी. कोपराखालचं प्लास्टर पाचर-स्क्रूसाठी आठ ते दहा आठवडे, गुडघ्याचा ग्राफ्ट असेल तर बारा. अंगठा आत घ्यायचा की नाही यावर मतं वेगळी आहेत, मी पहिले चार आठवडे घेतो. साध्या एक्स-रेवर 'जुळलंय' म्हणू नये, स्क्रूच्या सावलीत फट लपते. दहा ते बारा आठवड्यांनी पुन्हा तसाच, लांब अक्षाचा, धातूची झळाळी कमी करणाऱ्या पद्धतीने सीटी काढायचा. काटछेदाच्या अर्ध्याहून जास्त भागात हाडाचा पूल दिसला तर प्लास्टर संपलं. कमी असेल तर काढता येण्याजोग्या पट्ट्यात आणखी सहा आठवडे. स्क्रू टोचत नसेल तर जन्मभर आत राहू द्यायचा.

गाडी चालवणं हे सीटीवर पूल दिसल्यानंतर आणि मूठ न दुखता वळायला लागल्यावर, मेन स्टँडवर घेणं त्याच्याही नंतर. मागे वळण्यातले दहा-वीस अंश कायमचे कमी राहण्याची शक्यता धरून चाला. जोर मारायला सहा महिने थांबा, आणि सुरुवात मुठी टेकवून किंवा जोराच्या लाकडी दांड्यांवर करा. तळहात सपाट टेकवून मनगट नव्वद अंशांत दाबणं हाच त्या ग्राफ्टवरचा सर्वांत मोठा ताण आहे, तो सगळ्यांत शेवटी.